सदरहू बॅटरी

तुम्ही नवीन मिक्सर आणता. खोक्यातून थर्माकोलबरोबर एक पातळ पुस्तिका निघते, तिच्यात हिंदीनंतर चार पानं मराठी असतात आणि ती न वाचता तुम्ही ड्रॉवरमध्ये टाकता. ती चार पानं माझी. मिक्सर, गिझर, वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, अशा सगळ्यांच्या माहितीपुस्तिका मी गेली सतरा वर्षं घरी बसून मराठीत आणतो आहे. माझ्या माहितीप्रमाणे आजवर त्या फक्त दोन माणसांनी वाचल्या. त्या दोघांत मी नाही.

पुण्यात गुरुवार हा दत्ताचा, स्वामींचा आणि देखभाल-दुरुस्तीचा वार. लाइट गुरुवारी जाणार हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, कित्येकदा पाणीही त्याच दिवशी बंद असतं. म्हणजे बेसावध राहायला काही कारण नव्हतं. तरी एका गुरुवारी मी सकाळपासून वॉशिंग मशीनची अकरा पानं एका दमात टाइप केली आणि बारावं सुरू केलं. मधेमधे सेव्ह करणं हे मी व्यायामासारखं करतो, म्हणजे उद्यापासून. ‘वीजपुरवठा अचानक खंडित झाल्यास घाबरून जाऊ नये’ हे वाक्य मी लिहीत होतो. ‘घाबरून’पर्यंत आलो आणि लाइट गेले.

चिरंजीव म्हणाले, “बाबा, लॅपटॉप घे ना. त्यात बॅटरी असतेच.”

मी त्याला लॅपटॉपमुळे मान कशी जाते, पाठ कशी जाते, टेबल-खुर्चीवर बसून काम करण्याला शिस्त कशी असते हे वीसेक मिनिटं सांगितलं आणि संध्याकाळी जाऊन यूपीएस घेऊन आलो. ‘अखंडित वीजपुरवठा यंत्र’ असं भाषांतर मी त्याचं एके काळी केलं होतं. दुकानदाराने विचारलं, “किती व्हीएचा देऊ?” मी जाणकारासारखी मान हलवून सहाशेचा मागितला. सहाशे व्हीए म्हणजे सहाशे वॅट नव्हेत, माझ्या यंत्रातून प्रत्यक्षात तीनशेसाठच निघतात, हे खोक्यावर बारीक अक्षरांत होतं. बारीक अक्षरं हा माझा धंदा असल्यामुळे घरी आल्यावर मी ती बघत नाही.

यूपीएस म्हणजे रात्रभर जळणारा दिवा, अशी माझी समजूत. वास्तविक त्याच्या पोटात नारळाएवढी एक बॅटरी असते, बारा व्होल्ट आणि सात अँपिअर-अवर. तिचं काम एवढंच, की लाइट गेल्यावर तुम्हाला दहा-पंधरा मिनिटं द्यायची, तेवढ्यात तुम्ही काम सेव्ह करायचं, संगणक नीट बंद करायचा आणि उठायचं. मी उठत नसे. लाइट गेल्यावर उलट अंगात वीज संचारल्यासारखा टाइप करत सुटे. आणि यूपीएस दर काही सेकंदांनी ‘टीं... टीं...’ करून मला बजावत राही.

आई आतून म्हणाली, “अरे, टिटवी ओरडतेय कुठेतरी. चांगलं नाही हो हे.”

टिटवी ओरडणं अशुभ, त्यातून भर दुपारी घरात ओरडणं तर फारच. मी तिला यंत्र दाखवलं. तिने ते नीट बघितलं, त्याला हात जोडले आणि त्या दिवसापासून आमच्या घरात यूपीएस हा शब्द बंद झाला. तो राहिला टिटवी.

टिटवीला मी पहिल्याच महिन्यात पालथं पाडलं. एका मोठ्या पुस्तिकेचं काम संपलं होतं, लाइट गेलेले होते आणि मला फुशारकी सुचली. सगळी बिल्डिंग अंधारात असताना आपण कागद छापून दाखवायचा. लेझर प्रिंटर टिटवीलाच जोडला होता. लेझर प्रिंटर शाई पक्की करण्यासाठी आतला रूळ तापवतो, त्यासाठी क्षणभर इस्त्रीसारखी वीज ओढतो, आणि त्याला यूपीएसच्या बॅटरीवर कधीही लावू नये. हे सगळं मला आता माहीत आहे. ‘छापा’ म्हटल्याबरोबर टिटवीने एक लांब किंचाळी फोडली आणि प्राण सोडला. संगणक गेला, प्रिंटर गेला, कागद अर्धा आत आणि अर्धा बाहेर. बाहेरच्या अर्ध्यावर ‘सुरक्षाविषयक सूचना’ एवढंच उमटलं होतं.

माझं जे व्हायचं ते झालं, पण त्यातून घरात इन्व्हर्टरचा विषय निघाला. घरातली माणसं माझ्या नुकसानाने हलली असं मला काही काळ वाटत होतं. खरं कारण असं होतं, की आईची एक मालिका ऐन वेळी तीन गुरुवार बुडाली होती.

इन्व्हर्टर घेणं ही खरेदी नव्हे. वायरमन घरी येतो, बोर्डाकडे बघत कानामागची पेन्सिल काढतो आणि विचारतो, “बोला, कुठले कुठले पॉइंट घ्यायचे?” या एका प्रश्नाने घराची खरी राज्यघटना बाहेर पडते. एरवी आपण कोण आहोत, घरात आपलं स्थान काय, याविषयी माणूस खुशाल भ्रमात राहू शकतो. वायरमनने यादी मागितली की संपलं. आई म्हणाली, देवघर आणि टीव्ही. बायको म्हणाली, स्वयंपाकघरातली ट्यूब, तिन्ही पंखे आणि ओट्यावरचा एक प्लग, “मोबाइल लावायला”. चिरंजीव म्हणाले, वायफायचा राउटर, आणि वायफाय ही आता पाण्यासारखी मूलभूत गरज आहे यावर आईनेसुद्धा मान डोलावली. मग संडासातला दिवा आला, जिन्यातला आला, तुळशीजवळचा आला. तुळस आमच्याकडे खिडकीच्या जाळीत आहे. तरी तिचा आला.

“आणि माझं टेबल?” मी विचारलं.

माझं टेबल बंद केलेल्या गॅलरीत असतं. तिथवर वेगळी वायर ओढायची म्हणजे पट्टी ठोका, भिंत पाडा, असं वायरमन पुटपुटला. बायको म्हणाली, “तुमच्याकडे आहे की टिटवी.”

ठराव एकमताने मंजूर झाला. मी तटस्थ होतो.

बॅटरी आली त्या दिवशी गुरुवार होता, हे सांगायला नकोच. लिफ्ट बंद. दीडशे अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी आम्लासकट साठ किलोच्या आसपास भरते, आणि ती दोन माणसांनी तिसऱ्या मजल्यावर आणली. मी पुढे चालत “सांभाळून, सांभाळून” म्हणत होतो, तेवढाच माझा हातभार. पॅसेजमध्ये ती बसवल्यावर आईने हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि झेंडूचा ओला हार एका टर्मिनलवरून दुसऱ्या टर्मिनलवर असा छान महिरपीसारखा टाकला. वायरमनने तो दोन बोटांनी हळूच उचलला आणि म्हणाला, “आजी, हार टीव्हीला घाला. हिला पाणी पोटात लागतं, अंगावर नको.”

शिशाच्या पाट्या आणि गंधकाम्ल यांची ही करामत गास्ताँ प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने १८५९ साली केली. म्हणजे आपल्याकडे सत्तावनचा उठाव होऊन दोनच वर्षं झाली होती. तेव्हापासून माणूस बैलगाडीतून उतरून चंद्रावर गेला, आमच्या पॅसेजमध्ये मात्र तत्त्व तेच आहे, आणि वजनही फारसं उतरलेलं नसावं.

त्या रात्री मी गणित मांडलं. दीडशे गुणिले बारा, अठराशे वॅट-तास. तीन पंखे सव्वादोनशे वॅट, ट्यूबा शंभर, टीव्ही पाऊणशे. म्हणजे चारशे. अठराशे भागिले चारशे, साडेचार तास. ‘साडेचार तास!’ असं मी फ्रिजवर कागद चिकटवून जाहीर केलं. पहिल्या मोठ्या गुरुवारी सव्वादोन तासांत इन्व्हर्टरने मान टाकली, आणि मी दुकानदाराला फसव्या म्हणायला फोन लावला. तो म्हणाला, “काका, बॅटरीवर सी-ट्वेंटी लिहिलंय ना?” लिहिलं होतं. त्याचा अर्थ, ही बॅटरी वीस तास हळूहळू, साडेसात अँपिअरच्या बेताने वापरली तर दीडशे देते. आम्ही तिच्याकडून पस्तीस-चाळीस अँपिअर एकदम ओरबाडत होतो. दमवाल तितकी लवकर दमते, शिवाय थोडी वीज इन्व्हर्टर स्वतःच खातो, आणि तळाचा खडा लागेपर्यंत बॅटरी रिकामी करायची नसतेच. ‘सी-ट्वेंटी’ हे मी आजवर किमान सहा पुस्तिकांत ‘सी-वीस’ असं भाषांतरित करून पैसे घेतले आहेत. कोणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही.

दुकानदाराने आणखी एक विचारलं होतं, साइन वेव्ह देऊ की स्क्वेअर वेव्ह? भिंतीतली वीज नदीच्या लाटेसारखी गोलाईने वर-खाली होते, एका सेकंदात पन्नास वेळा. साइन वेव्ह इन्व्हर्टर तशीच लाट बनवतो. स्क्वेअर वेव्ह पायऱ्या चढल्या-उतरल्यासारखी खडखडीत वीज देतो. त्यात अठराशे रुपये वाचत होते. मी वाचवले. तेव्हापासून लाइट गेले की आमचे तिन्ही पंखे ‘हुंऽऽ’ असा धीरगंभीर आवाज काढतात. मला ती चूक लपवायची होती, पण आईच म्हणाली, “पंख्यातून ओंकार येतोय रे,” आणि डोळे मिटून बसली. मी काही बोललो नाही. श्रद्धेच्या आड येऊ नये.

मधल्या काळात माझा भावही वधारला होता. दादरला राहणारा माझा मेहुणा आमच्याकडे आला की हमखास म्हणायचा, “तुमच्याकडे अजून लाइट जातात?” हा प्रश्न तो अशा सुरात विचारी, जणू आमच्याकडे अजून देवीची साथ येते. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला सगळ्या मुंबईचे लाइट एकदम गेले, लोकल जागच्या जागी थांबल्या. अर्ध्या तासाने मेहुण्याचा फोन. मुंबईच्या माणसाला घरात मेणबत्ती कुठे असते ते ठाऊक नसतं, कारण ती नसतेच. “इन्व्हर्टरचं तुला काय ते माहीत असेल ना?” तो म्हणाला. मी त्याला अँपिअर-अवर, सी-ट्वेंटी, साइन वेव्ह असं सगळं धीमेपणाने समजावलं. साइन वेव्हच घे, असंही निक्षून सांगितलं. अनुभवी माणसाचा सल्ला होता तो.

आता माझ्या टेबलाकडे येतो. सगळं घर उजळलेलं आणि गॅलरीत मी टिटवीच्या उरल्या पंधरा मिनिटांवर, हे किती दिवस सोसायचं? एका दुपारी घरात कोणी नसताना मी हॉलमधल्या टीव्हीच्या प्लगमधून एक एक्स्टेंशन काढलं, सोफ्यामागून, सतरंजीखालून, दाराच्या फटीतून गॅलरीत नेलं आणि टिटवीची पिन त्यात खोचली. आता इन्व्हर्टर टिटवीला जगवणार आणि टिटवी मला. बॅटरीला बॅटरी. स्वतःच्या बुद्धीवर मी इतका खूश झालो की गुरुवारची वाट बघू लागलो.

गुरुवारी लाइट गेले. पंख्यांनी ओंकार धरला. आणि गॅलरीत टिटवी बोंबलायला लागली, “टीं... टीं...”

कारण टिटवी खानदानी निघाली. तिला गोल लाटेची सवय. इन्व्हर्टरची खडखडीत वीज तिच्या दाराशी आली, तर ती तिला वीज मानायलाच तयार होईना. तिने दार लावलं, पोटातली बॅटरी काढली आणि पंधरा मिनिटांनी किंचाळी फोडून नेहमीप्रमाणे मेली. आख्खं घर चालू, तुळशीचा दिवा चालू, आणि माझा पडदा काळा. मेहनत करून मी जिथे होतो तिथेच पोचलो होतो. वर सतरंजीला अडखळून बायको पडता पडता वाचली, तेव्हा कारस्थानही उघडकीला आलं.

एक्स्टेंशन मात्र राहिलं, कारण टिटवीचा आता घराला उपयोग कळला होता. इन्व्हर्टर आल्यापासून आमच्याकडे लाइट गेले हेच कळेनासं झालं होतं. पूर्वी शेजारच्या बिल्डिंगमधून ‘गेले!’ अशी आरोळी यायची, मग काही काळाने ‘आले!’ची. आता सगळीकडे इन्व्हर्टर, सगळीकडे शांतता. अशा वेळी टिटवी ओरडायला लागली की लाइट गेले समजायचं, आणि ओट्यावर मिक्सर लावायचा नाही. ओट्यावरच्या त्या मोबाइलच्या प्लगला मिक्सर लागतो हे एव्हाना कळलं असेलच. नऊशे व्हीएच्या इन्व्हर्टरला घर चालू असताना वर साडेसातशे वॅटचा मिक्सर पेलणार नाही, असं वायरमनने बजावलं होतं. तर टिटवी किंचाळली, म्हणजे तिची बॅटरी संपली, थांबा. आणि न किंचाळता गप्प झाली, म्हणजे लाइट आले, लावा मिक्सर. असं आमचं शास्त्र बसलं.

वर्षभराने बॅटरीच्या झाकणांतले तरंगते लाल दांडे खाली गेलेले दिसले. पाणी घालायला हवं. सहा भोकं, सहा झाकणं. डिस्टिल्ड वॉटर आणायला कोण जाणार? घरात पाणी शुद्ध करायचं यंत्र होतंच. जे पाणी माझी आई पिते ते बॅटरीला चालणार नाही? मी तांब्या आणि नरसाळं घेऊन बसलो. आतमध्ये किती भरायचं ते दिसत नव्हतं, म्हणून काठोकाठ भरलं. गच्च. पाहुण्याच्या ताटात वाढावं तसं. त्या दिवशी मेहुण्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती, म्हणून अंगात नवी सुती पँट होती. बॅटरी चार्ज व्हायला लागल्यावर आतून बुडबुडे आले, पाणी उफाळलं, आणि पाण्याबरोबर आम्लही बाहेर ओघळलं. मी पायातल्या पायात फडक्याने पुसलं आणि वास्तुशांतीला गेलो.

गंधकाम्लाचा स्वभाव संयमी असतो. सुती कपड्याला ते लगेच काही करत नाही. दोन दिवसांनी धुण्यातून पँट आली ती चाळणी होऊन. बायकोने ती दांडीवर उन्हाकडे धरली आणि पलीकडची नारळाची झाडं मला तिच्यातून दाखवली. पॅसेजमधल्या फरशीवर एक पांढुरका डाग पडला होता, आफ्रिकेच्या नकाशासारखा. तो अजून आहे.

वायरमन आला. त्याने झाकणं उघडली, आत डोकावला, पिपेटने पाणी ओढून काढायला लागला आणि न बघता म्हणाला, “साहेब, कुठलं पाणी घातलंत?” मी सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने इन्व्हर्टरच्या मागे खोचलेली माहितीपुस्तिका ओढली, थुंकी लावून पान उलटलं आणि मोठ्याने वाचलं:

“‘सदरहू बॅटरीत केवळ डिस्टिल्ड वॉटरच घालावे. नळाचे, विहिरीचे अथवा घरगुती शुद्धीकरण यंत्राचे पाणी कदापि घालू नये. खुणेच्या वर भरू नये.’”

‘सदरहू.’ माझ्या पायाखालची ती डागाळलेली फरशी सरकली. बॅटरीला ‘सदरहू’ म्हणणारा माणूस महाराष्ट्रात एकच आहे. एजन्सीकडून काम येतं तेव्हा कंपनीचं नाव खोडलेलं असतं, त्यामुळे कुठली पुस्तिका कुठल्या खोक्यात गेली हे मला कधी कळत नाही. ‘कदापि’ तर मी मुद्दाम घातला होता, जोर यावा म्हणून.

“कुणा येड्यानं लिहिलंय कोण जाणे,” वायरमन म्हणाला, “‘सदरहू बॅटरी’ म्हणतोय! पण लिहिलंय एकदम बरोबर बघा.”

सतरा वर्षांत मला मिळालेली ही पहिली दाद. मी ती स्वीकारण्याच्या बेतात होतो. पण बायकोने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, पुस्तिकेकडे बघितलं, आणि तिच्या लक्षात आलं. तिने वायरमनला चहा दिला. मला दिला नाही.

पुस्तिका त्या दिवशी चिरंजीवांनी ताब्यात घेतली आणि परीक्षेचा अभ्यास कधी केला नाही इतक्या निष्ठेने वाचून काढली. टिटवीचीही पुस्तिका त्यानेच माळ्यावरून शोधली. ती माझी नव्हती, मराठी फार बाळबोध होतं. पुढच्या गुरुवारी लाइट गेले, टिटवी ओरडायला लागली, तसा तो गॅलरीत आला.

“बाबा, हे बटण एकदा दाबलं की आवाज बंद होतो. पान चारवर आहे.”

त्याने बटण दाबलं. टिटवी गप्प झाली. न किंचाळता. दोन वर्षांत पहिल्यांदा मी लाइट नसताना शांतपणे एक ओळ टाइप केली, आणि आतून आईचा आनंदी आवाज आला, “आले गं लाइट!”

“थांब!” असं मी ओरडेपर्यंत ओट्यावर मिक्सर फिरला होता. एक घुर्रर्र झाली, ओंकार मधेच तुटला, टीव्ही गेला, देवघर गेलं, तुळस गेली. संडासातून शेजारचे आजोबा, जे आमच्याकडे मालिका बघायला येतात, “अहो, काय झालं?” म्हणून विचारू लागले.

अंधारात चिरंजीवांनी मोबाइलची बॅटरी लावली आणि पुस्तिकेचं पान काढलं. “‘अतिभारामुळे सदरहू इन्व्हर्टर बंद पडल्यास,’” तो वाचू लागला, “‘प्रथम अनावश्यक भार कमी करावा व तदनंतर यंत्र पुन्हा चालू करावे.’”

कोणी काही बोललं नाही. अंधार होता, त्यामुळे नक्की सांगता येत नाही, पण सगळे गॅलरीच्या दिशेने बघत असावेत. वास्तविक टिटवीने दार लावून घेतलेलं असल्यामुळे मी त्या इन्व्हर्टरची एक थेंब वीज घेत नव्हतो. हे मी पुराव्यानिशी सिद्ध करू शकलो असतो. मी वाकलो, सतरंजीखाली चाचपडत गेलो आणि माझ्या एक्स्टेंशनची पिन उपसून काढली. चिरंजीवांनी बटण दाबलं. पंख्यांनी ओंकार धरला.